जावयाचं औषध

सुधीरने वेबकॅम उचलून दुसऱ्या मॉनिटरकडे वळवला.

“दिसतंय का, आई? लाल ती रक्तवाहिनी. निळे ठिपके म्हणजे औषध.”

“दिसतंय की!” संगमनेरहून सासूबाईंचा, कुसुमताईंचा आवाज आला. “अहो, इकडे या, सुधीररावांचं औषध बघा.”

चष्मा पुसत वासुदेवराव चौकटीत शिरले. निळे ठिपके वाहत आले आणि झाडून सगळे करड्या गाठीत जाऊन बसले. तिकडे टाळ्या वाजल्या.

ही फाइल इथे जर्मनीत, ब्राउनश्वाइगच्या विद्यापीठातल्या त्याच्या प्रोफेसरांनी पाहुण्यांना दाखवायला करून घेतली होती. तिच्यातल्या शरीराला यकृतच नव्हतं. यकृत घातलं की बहुतेक कण तिथेच अडकायचे आणि पाहुणे कॉफीकडे वळायचे.

“म्हणूनच मी किमो बंद केली,” कुसुमताई म्हणाल्या.

शुभा पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आली.

“आई, काय केलंस?”

“अगं, दुसऱ्या किमोनंतर उशीवर केसच केस. तोंड आलेलं, पाणी गिळवेना. म्हटलं, घरचं औषध येतंय, मग हे विष कशाला? डॉक्टर ओरडले. ओरडू देत. त्यांना ठणकावून सांगितलं, आमचे जावई जर्मनीत हेच करतात.”

बघण्याच्या कार्यक्रमात मध्यस्थाने ‘मुलगा कॅन्सरवर औषध काढतोय’ असं ठोकून दिलं होतं. सुधीरने पोह्यांवर लिंबू पिळलं होतं, तोंड उघडलं नव्हतं. लग्नानंतर शुभाला कळलं, नवरा दिवसभर समीकरणं सोडवतो. त्यातल्या औषधाची बाटली त्याने पाहिलेलीसुद्धा नाही. पुढे आईच्या छातीत गाठ निघाली, तरी तिने माहेरी काही सांगितलं नाही. माहेरी मान होता.

“सांग तिला,” ती सुधीरला म्हणाली. “आत्ता.”

“शुभे, आमच्यासमोर तरी त्यांना अरेतुरे करू नकोस,” कुसुमताईंनी दटावलं.

सुधीरने कॅमेरा स्वतःकडे फिरवला.

“आई, मी औषध बनवत नाही.”

कुसुमताई कौतुकाने हसल्या. “बघा हो, किती साधेपणा! नाहीतर शेजारच्या संध्याचा जावई. मोटारी विकतो, पण तोरा केवढा!”

“अगं, हा चित्रं काढतो कॉम्प्युटरवर!” शुभा किंचाळली. “उंदराला टोचायलासुद्धा काही नाहीये याच्याकडे!”

खालच्या मजल्यावरच्या जर्मन बाईने लगेच झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. रविवारची रूहेत्साइट, म्हणजे शांततेची सक्ती; मरायचं असलं तरी आवाज न करता मरावं.

“नवऱ्याच्या कामाला नावं ठेवतेस?” वासुदेवराव गरजले. “तिकडे गेलीस आणि जीभ सुटली.”

सुधीर खुर्ची ओढून कॅमेऱ्याजवळ सरकला. इतके दिवस खोटं आयतं खपलं होतं. आता खरं कुणी फुकट घेईना.

“आई, ऐका. मगाशी दाखवलं त्यात यकृत धरलेलंच नाही. ते धरलं की औषध गाठीपर्यंत पोचत नाही, लिव्हरमध्येच अडकतं. माझ्या कॉम्प्युटरमध्येसुद्धा कुणी बरं होत नाही, आई. उद्याच्या उद्या हॉस्पिटलला जा. पाया पडतो तुमच्या.”

जावई पाया पडतो म्हटल्यावर वासुदेवरावांनी मान खाली घातली. कुसुमताई पदर डोक्यावर ओढत राहिल्या. तो पुन्हा पुन्हा घसरत होता. त्याला धरायला केस नव्हते.

“म्हणजे अडकतंय होय,” त्या हळूच म्हणाल्या. “तरीच उशीर.”

“आई, तसं नाही—”

“मनाला लावून घेऊ नका. हिच्या बोलण्याकडेही लक्ष देऊ नका, लहानपणापासून तोंडाळच आहे.” त्या कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आल्या. “तुम्ही सावकाश करा. मी थांबते.”