हितली हवा

भर दुपारी माझ्या ओट्यासमोर शेजारच्या तुळजाआक्काचे दोन्ही लेक भांडत होते. आणि भांडण कशावरून, तर कुणाच्या गावात जास्त ऊन पडतं यावरून.

"सासवडला काल एक्केचाळीस व्हतं," थोरला सुदर्शन म्हणाला.

"एक्केचाळीसचं काय सांगतोस? शिरूरला त्रेचाळीस दाखवत व्हता फोन. भिंतीला हात लावला तर पोळतोय," धाकटा साईनाथ म्हणाला.

"पर तुमच्याकडं घोड नदीला बंधाऱ्याचं पाणी हाय. सांजच्याला गार हुत आसंल. आमच्या कऱ्हंत नुसती दगडं. आन वारा आसा, की पत्र्यावर धोंडं ठिवावं लागत्यात."

"वारा हाय त्ये बरंच की रं. आमच्याकडं झाडाचं पान हलत न्हाई. त्यात ही लोकं उसाचं पाचट पेटवत्यात. राख समदी घरात."

"आन आमची थंडी? घाटावरचं गाव त्ये. दिवाळीपास्नं नुसतं कुडकुडतोय माणूस."

"शिरूरची थंडी काय कमी हाय व्हय?"

मी ज्वारी निवडत बसले होते, तिथंच मला हसू आलं. आजवर मी एवढी माणसं बघितली, पण आपल्याच गावाला असं चिखलात लोळवणारं कुणी बघितलं नव्हतं. सोयरीक जुळवायला बसलेला माणूस गावच्या ओढ्याला नदी म्हणतो, बाभळीच्या सावलीला बाग म्हणतो. आणि हे दोघे असे, की ज्याचं गाव जास्त वाईट तो जिंकला. हसता हसता माझं लक्ष आक्काकडं गेलं. ती उंबऱ्यात बसून एकदा या लेकाकडं, एकदा त्या लेकाकडं बघत होती. तिला अजून यातलं काही कळलं नव्हतं. मला कळलं आणि माझं हसू गेलं.

आमची वाडी हडपसरच्या कडंला. आता ती शहरात धरलीय, म्हणजे पाटी शहराची लागली आणि ओढा तेवढा गावाचा राहिला. आक्काच्या घरामागं जिथं तिचा कांदा पिकायचा, तिथं काँक्रीट कालवायचा कारखाना उभा राहिलाय. मोठमोठी पिंपं गरगर फिरत असतात, गाड्यांची ये-जा थांबत नाही आणि सिमिटाचा धुरळा घरादारावर बसत राहतो. दारच्या शेवग्याला पानं येतात ती राखाडीच. पोरांनी हे आधी ओळखलं. हवा खराब झाली म्हणून सुदर्शननं सासवडला पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान टाकलं आणि साईनाथनं त्याच्या कामाच्या कंपनीजवळ, शिरूरला, फ्लॅट घेतला. घर राखायला आई इथंच ठेवली. ती हवा तिनं एकटीनं ओढली आणि दोन वर्षांत तिच्या छातीचा भाता झाला. उताणं पडलं की दम कोंडायचा, मग बाई गव्हाच्या कणगीला पाठ लावून बसल्या बसल्या झोपायची.

डॉक्टर शहरातले, बोलायला चोख. "औषध मी देतो आजी, पण हवा काही मला देता येत नाही," ते म्हणाले होते. "कोरड्या, स्वच्छ गावी जाऊन राहा. सासवड म्हणा, शिरूर म्हणा. मुलं तिकडेच आहेत ना? मग अडचण काय आहे?"

आक्काला तर यात अडचण दिसतच नव्हती. ती खुशीत होती. "दोन दोन घरं हायेत गं मंदे मला," ती मला म्हणाली. "जी हवा मानवंल तितं ऱ्हाईन." शेवटी असं ठरलं, की उन्हाळ्यात आधी सासवडला राहून बघायचं, मग शिरूरला. तिनं लगेच गहू निवडायला घेतला. तिकडच्या उन्हात कुरडया करायच्या होत्या तिला. इथल्या गच्चीवर वाळवण घालायचं तिनं कधीच सोडलं होतं.

सासवडला तिच्या मदतीला मीही गेले. गहू तीन दिवस भिजत घातलेला होता, तो वाटून चीक काढला, शिजवला आणि दोघींनी सोऱ्यानं कुरडया घातल्या. ते ऊन आणि तो वारा मी विसरणार नाही. ऊन कडक, पण घाम अंगावर टिकत नव्हता. संध्याकाळी कुरडया उचलल्या तर पांढऱ्याशुभ्र, हाताला खडखड वाजणाऱ्या. आक्का चटईवर आडवी झाली आणि सरळ झोपली. मी तिच्याकडं बघत बसले. किती दिवसांनी ती बाई पाय पसरून झोपली होती, माझ्याच डोळ्याला पाणी आलं.

सकाळी सुदर्शन आला. "आई, वारा लागतोय न्हवं?"

"न्हाई रं. लई ग्वाड वाटतंय."

"तरास हुतोय न्हवं? सांग की. लपवू नगं."

"आरं न्हाई हुत."

जेवताना परत विचारलं, चहाला परत विचारलं. इतक्यांदा विचारल्यावर धडधाकट माणसालाही खोकला यावा. त्याची बायको सोनाली वाईट नव्हती, पण घर दोन खोल्यांचं. सासूची चटई दुकानाच्या वाटेत पडायची, गिऱ्हाईक यायच्या आत आक्का ती स्वतःच गुंडाळून ठेवायची. आलेल्या गिऱ्हाइकाला सुदर्शन सांगायचा, "आई आलीय चार दिवस हवापालटाला." ते चार दिवस आक्कानं ऐकले, पण मनावर घेतले नाहीत.

शिरूरचं मला तिनंच सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरचं घर, खिडक्या बंद. राख येते म्हणून साईनाथ त्या उघडू द्यायचा नाही. रोज सकाळी फोन तिच्या डोळ्यापुढं धरायचा. "बघ आई, किती तापलंय. आत्ताच एवढं, मग दुपारी काय हुईल?"

"मी म्हनलं, आरं, आसल्या उन्हात मी तुला पाठीला बांधून कांदं काढल्यात," आक्का म्हणाली. सांजच्याला ती एकटीच जिना उतरून घोडच्या काठापर्यंत जाऊन यायची. येताना तिसरा मजला न थांबता चढायची. दम लागला की ओढायचा पंप पिशवीतच राहिला.

महिनाभरानं दोघे तिला घेऊन डॉक्टरकडं आले. मीही बरोबर होते. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली आणि प्रथमच हसले. "छाती बरीच मोकळी झाली आजी. हवा मानवली तुम्हाला. कुठली?"

"शिरूरची," सुदर्शन म्हणाला.

"सासवडची," साईनाथ म्हणाला.

दोन्ही शब्द एकाच वेळी पडले. डॉक्टरांनी कानातली नळी काढून गळ्यात टाकली आणि दोघांकडं सावकाश बघितलं. "वा. एकमेकांच्या गावावर फारच माया दिसते आपली. ठरलं की कळवा. तोवर आजींना हाच पंप चालू ठेवा."

आक्काचा चेहरा मी बघितला. उंबऱ्यात बसून जे तिला कळलं नव्हतं ते तिथं, त्या औषधाच्या वासात, तिला कळलं. पदर सारखा केला आणि उठली.

घरी आल्यावर अंगणात दोघे परत सुरू झाले. कऱ्हा कोरडी, घोड ओली. ह्याच्याकडं वारा, त्याच्याकडं वारा नाही. सुदर्शन म्हणाला, "आई, आता तूच सांग बाई. जितं मानवली तितं ऱ्हा. आमचं काय न्हाई."

"मला दोन्हीकडची न्हाई मानवली," आक्का म्हणाली. "मी आपली हितंच बरी."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. वाटलं, आता तरी एखादा म्हणंल, की अगं डॉक्टर काय म्हणाले आणि तू काय बोलतेस. पण दोघांचे खांदे असे सैल पडले, की डोक्यावरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं. साईनाथ तर म्हणाला, "बघ दादा, मी म्हनलंच व्हतं." मग दोघांना एकदम माया आली. एकानं चौकातून तोंडाला बांधायच्या पट्ट्यांचं खोकं आणलं, दुसऱ्यानं टेबलावरचा पंखा आणला. ऊन उतरायच्या आत दोघे आपापल्या वाटेला लागले.

मला राग आवरंना. "खोटं का बोललीस आक्का? सासवडला झोपलेली मी बघितलीय तुला."

ती पंख्याचं पुठ्ठ्याचं खोकं घडी करून ठेवत होती. "हवा मानवली गं मला. दोन्हीकडची मानवली," ती म्हणाली. "मीच न्हाई मानवले हवंला."

चुलीपुढं बसून मी त्या दोघांना मनात येतील तेवढ्या शिव्या दिल्या. तिला ते चाललं नाही. "त्येंची बी घरं ल्हान हायेत," म्हणाली. आळीतल्या बायकांनी विचारलं तर सांगायची, "दोघं भांडत व्हती माज्यावरनं." खोटं तरी कसं म्हणावं त्याला?

जून जवळ आला, आभाळ भरून यायला लागलं. निवडलेला गहू उरला होता. आक्कानं तो भिजत घातला. सासवडच्या कुरडया कधीच संपल्या होत्या, दोन्ही घरच्या नातवंडांना कुरडई आवडायची. मी म्हणाले, "हितं नगं गं घालूस. धुरळा बसतोय."

"पाऊस पडायच्या आत उरकू. वरनं लुगडं टाकू."

वरून जुनं पातळ लुगडं टाकलं, कडंला दगडं ठेवली. कारखान्याकडचा वारा दिवसभर त्यावरून वाहिला. सांजच्याला लुगडं झटकलं तर ढग उठला आणि आक्काला अशी उबळ आली, की ती गच्चीवरच खाली बसली. कुरडया वाळल्या, पण राखाडी. तिनं एकेक हातात घेऊन फुंकर मारून पुसली. फुंकरायला तिच्याकडं दम उरला नव्हता, तरी तिनं सगळ्या पुसल्या आणि सासवडचा डबा येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवला.

आता ती परत कणगीला पाठ लावूनच झोपते. परवा मी तिला पेज घेऊन गेले, तेव्हा सुदर्शनचा फोन आला. तिला ऐकायला कमी येतं म्हणून मी आवाज मोठा केला.

"आई, कुरडया पोचल्या बरं का. झ्याक फुलल्यात तळल्यावर," सुदर्शन म्हणाला. "पर खाताना दाताखाली कचकच लागतीया. पोरगा तर थुकला. गहू नीट निवडला न्हवतास व्हय?"

आक्कानं पंप ओढला. दम सापडायला तिला जरा वेळ लागला, तोवर तो तिकडून "आई? आई?" करत राहिला.

"गहू निवडल्याला व्हता रं," ती म्हणाली. "ती हितली हवा हाय."

तिकडून फोन बंद झाला. आक्कानं पेजेचं भांडं बाजूला सारलं आणि उरलेल्या कुरडया परत एकदा पुसायला घेतल्या. शिरूरचा डबा अजून जायचा होता.