कॉर्मकच्या वतीनं

खिडकीवरून वाद झाला तेव्हा आम्ही नदीकाठच्या काळ्या रानात झाडांची खोडं उपटत होतो. डिसेंबर म्हणजे इकडचा भर उन्हाळा, ऊन असं की पहारीला हात लावावा तर चटका बसावा. मुकादम ग्रीव घोड्यावरून आला, कॉर्मकच्या नव्या झोपडीकडे बघितलं आणि मला म्हणाला, "लॉरी, तुझ्या ह्या मुक्या दोस्ताला विचार, कैद्याच्या झोपडीला खिडकी कशाला हवी?"

कॉर्मक मुका नव्हता. त्याला इंग्रजी येत नव्हतं, एवढंच. आमच्या आयरिश मुलखातून, क्लेअरहून, आम्ही कैद्यांच्या एकाच जहाजातून इकडे सिडनीकडे आलो. मी मेंढी चोरली म्हणून चौदा वर्षं, त्यानं जमीनदाराच्या गवताची गंजी पेटवली म्हणून जन्मठेप. सरकारनं दोघांनाही लिजेट मालकाच्या मळ्यावर राबायला दिलं, त्याला आठ वर्षं झाली. आमची आयरिश बोलणारं इथं तिसरं माणूस नव्हतं. मालक बोलला की मी कॉर्मकला सांगायचं, कॉर्मक बोलला की मालकाला. त्याची जीभ म्हणजे मी.

"त्येला म्हनावं," कॉर्मक पहारीवर रेलून म्हणाला, "माजी बायकू ओनोरा हितं आली अन् धूर डोळ्यांत गेला, की तिचं डोकं उठंल. अन् तिचं उठलं की ती समद्या गावाचं उठवती. मुकादमाला सोसंल का?"

मी सांगितलं. ग्रीवसुद्धा हसला. "बाजारात तुरी," असं काहीसं पुटपुटला आणि घोडा वळवून गेला. कॉर्मकनं दुपारच्या सुट्टीत चौकटीला अजून एक फळी ठोकली.

नीट वागणाऱ्या कैद्याची बायकापोरं सरकार आपल्या खर्चानं इकडे आणतं, पण मालकाची शिफारस लागते. पुरात कॉर्मकनं गळ्याइतक्या पाण्यात शिरून मालकाचे बैल काढले आणि शिफारस मिळवली. अर्ज जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून गड्याचा एक रविवार रिकामा गेला नाही. झाडांच्या साली सोलून त्यानं छप्पर शाकारलं, बटाटे लावले, आणि एक लहान खाट केली. आम्ही निघालो तेव्हा त्याची पेग ओनोराच्या पोटात होती.

"आट वर्साची पोर किती उंच असती रं?" खाटेला पाय बसवताना त्यानं विचारलं.

"मला काय ठावं? मी काय पोरं वाडवलीत?"

"तुला कायबी ठावं नसतं. निस्तं इंग्रजी तेवडं ठावं."

मी हसलो आणि खाटेचा पाय धरून ठेवला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं माझ्या मनात तेव्हा ते जहाज होतं.

सिडनीच्या बंदरात उतरवण्याआधी एक कारकून वही घेऊन डेकवर आला होता. नाव, वय, धर्म, धंदा, लग्न. सगळ्यांना रांगेत उभं केलेलं. जहाजावर एक दुसऱ्यांदा काळं पाणी भोगायला निघालेला म्हातारा होता. त्यानं वाटेत आम्हाला शहाणपण शिकवलं होतं, "लगीन झालंय म्हनू नगा. झालंय म्हनलं की हितं दुसरं करू देत न्हाईत. एकटं हाय म्हना." मी खरंच एकटा होतो. कॉर्मकची पाळी आली तेव्हा कारकून घाईत होता, उत्तरं मीच देत होतो. लग्न? मला वाटलं, गड्याला जन्मठेप आहे, बायको पुन्हा कुठली दिसते, उद्या इथं एखादी भेटली तर दार तरी उघडं राहील. मी म्हणालो, एकटा. कॉर्मक माझ्या शेजारी उभा होता आणि जमीन दिसली म्हणून हसत होता.

अर्जाच्या वेळी मला ते आठवलं होतं. तोंड उघडलं असतं तर दुरुस्ती झाली असती, फार तर माझ्या पाठीवर पंचवीस फटके बसले असते. मी गप्प बसलो. एवढ्या जुन्या वह्या कोण उघडून बघतंय, अशी मनाची समजूत घातली.

मार्चात मक्याची तोडणी चालू असताना मालकानं आम्हाला पडवीत बोलावलं.

"अर्ज फेटाळला," मालक म्हणाला. "जहाजाच्या वहीत हा अविवाहित आहे. मला तोंडघशी का पाडलंस, विचार त्याला."

"मालक, तो खोटं बोलला नाही. वहीतलं उत्तर मी दिलं होतं. पुन्हा लिहा, मी न्यायाधीशापुढे शपथ घेतो."

 मालकानं टेबलावरचा दुसरा कागद पुढे सरकवला. "त्याच्या गावच्या पाद्र्याचं पत्र आहे. वाच. आता लिहून उपयोग नाही."

कॉर्मक एकदा माझ्या तोंडाकडे, एकदा कागदाकडे बघत होता. "कंदी येतीया?" त्यानं विचारलं.

त्याला मक्याच्या खोपीत नेलं आणि पत्र वाचलं. पत्र इंग्रजीत होतं, मनात आलं असतं तर काहीही वाचता आलं असतं. ओनोरा तापानं गेली म्हणालो असतो तर तो रडला असता आणि माझ्याच खांद्यावर रडला असता. खरं सांगतो, तेवढा मोह मला झाला. पण एकदा त्याच्या वतीनं बोलून झालं होतं. या खेपेला होतं तेच वाचलं.

अर्ज केल्याचं कळलं, तेच बोलावणं समजून ओनोरानं बकरी आणि अंथरूण विकलं, पोरीला घेऊन चार दिवस चालत कॉर्क बंदर गाठलं. तिथल्या कारकुनानं सिडनीहून आलेली वहीची नक्कल उघडली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, बाई, तो माणूस स्वतःला एकटा म्हणवतो, घरी जा. ती परत आली. रडली नाही, असं पाद्र्यानं लिहिलं होतं. एवढंच म्हणाली, "आसंल. त्येला तितं कुनी गावली आसंल." आणि पेगला घेऊन भावाबरोबर अमेरिकेला गेली. कुठल्या गावी, ते पाद्र्यालाही सांगितलं नाही.

बाहेर काकाकुव्यांचा थवा मक्यावर उतरला होता. हाकलायला कोणी उठलं नाही.

"कुनी सांगितलं एकटा म्हनून?" कॉर्मकनं विचारलं.

"म्या."

"मला का न्हाई इचारलंस?" त्याचा आवाज चढला नाही. "म्या तुज्या शेजारीच हुबा हुतो की रं, लॉरी."

 त्यानं कोयता उचलला तेव्हा वाटलं, आता मारतो. मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तो उठला आणि मका तोडायला गेला.

दुसऱ्या दिवसापासून तो स्वयंपाक्याजवळ बसू लागला. भांड्याकडे बोट दाखवायचं आणि इंग्रजी शब्द विचारायचा. पाव, पाणी, मीठ, बैल. आठ वर्षांत जे शिकला नाही ते तो गडी तीन महिन्यांत शिकला. मोडकंतोडकं, पण ग्रीवला स्वतःच उत्तर देण्याइतकं. माझी गरज उरली नाही.

एका संध्याकाळी मला राहवलं नाही. चहाची किटली घेऊन मी त्याच्या झोपडीपाशी गेलो आणि आमच्या आयरिश बोलीत म्हणालो, "कॉर्मक, बास झालं आता. दोन घोट घे, बस माज्यासंगं."

त्यानं माझ्याकडे बघितलं. अनोळखी वाटसरूशी बोलावं तशा नरमाईनं, एकेक शब्द जुळवत, तो इंग्रजीत म्हणाला, "माफ करा. मला तुमची भाषा कळत नाही."