हिरवी पट्टी

मित्रांनो, मी वाचनालयातला एक जुना टॅब आहे. काचेला कोपऱ्यात तडा गेलाय आणि चार्जर काढला की थोड्याच वेळात मी मान टाकतो. खरं सांगायचं तर आता थकलोय.

नवा होतो तेव्हा माझा तोरा काय विचारता! पोटात शेकडो पुस्तकं. ग्रंथपालबाईंनी स्पर्धा ठेवली. पुस्तक संपलं की पडद्याखालची, किती वाचलं ते दाखवणारी पट्टी हिरवी होणार आणि ज्याच्या हिरव्या पट्ट्या जास्त, त्याला बक्षीस. पण पोरं महावस्ताद! अंगठ्याने पट्टी ओढली की पुस्तक 'पूर्ण' होतं, हे त्यांनी चटकन हेरलं. सगळ्यांत पुढे नववीतली एक मुलगी. तिला सगळे वादळ म्हणत. चहा निवेपर्यंत तिची कादंबरी संपायची. कौतुक तिचं झालं, झीज माझी झाली. पुढे नवे टॅब आले आणि मी कपाटात पडलो.

एके दिवशी वादळ मला न्यायला आली. डोळ्यांच्या ऑपरेशनमुळे तिच्या ताईच्या डोळ्यांवर पट्टी होती. पडून पडून कंटाळलेल्या ताईने, ज्या पुस्तकांवर हिने बक्षीस मिळवलं त्यांतली नावाड्याची गोष्ट सांग म्हटलं, तर हिचं सुरुवातीलाच त त प प झालं.

ताई रागावली नाही. "जाऊ दे गं. मला वाटलं, तू वाचलंयस," एवढंच म्हणाली. ते हिला फार लागलं.

नवे टॅब घरी देत नसत, म्हणून बाईंनी मला दिलं. सोमवारी आण, भंगारवाला येणार आहे, असंही बजावलं.

वादळ ताईच्या उशाशी बसून वाचू लागली. अंगठा सवयीने पळायचा. मग ताई विचारायची, नावाडी काठ का सोडत नाही? ही मुकाट्याने मागे यायची. अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की मी अर्थ सांगायचो, थांबली की खूण ठेवायचो. हे मला पहिल्यापासून येत होतं. कुणी विचारलंच नव्हतं.

"किती राहिलंय गं?" ताईने एकदा विचारलं.

वादळने माझ्या हिरव्यागार पट्टीकडे पाहिलं. "ही हिरवी पट्टी खोटं सांगते, ताई. मीच शिकवलंय तिला."

सोमवारी ती बाईंसमोर मला छातीशी धरून उभी राहिली. "बाई, अजून अर्धं वाचायचंय."

बाईंनी पट्टी पाहिली, तिचा चेहरा पाहिला आणि भंगारवाल्याला माझ्याशिवायच वाटेला लावलं.

मित्रांनो, पडद्यावर खुशाल वाचा, फक्त अंगठ्याला जरा दम धरायला सांगा. माझं काय, आज आहे, उद्या नाही. पण आता मान टाकून चालणार नाही. नावाडी अजून काठावरच आहे आणि ताई वाट बघतेय.