सातव्या नगाचा निकाल

या, असे जवळ सरकून बसा. भिंगकाकांची गोष्ट सांगते. तिच्यातलं पाप माझं आहे, तेवढं आधीच कबूल करते.

काका गुणवत्ता व्यवस्थापक, पारख भिंगासारखी म्हणून हे नाव. बत्तीस वर्षं त्यांच्या सहीशिवाय गॅसच्या शेगडीचा एकही व्हॉल्व कारखान्याबाहेर गेला नाही. मग वरून फर्मान निघालं: सगळ्या व्यवस्थापकांनी पुन्हा प्रशिक्षण घ्यायचं, परीक्षा द्यायची. नापास होईल त्याची सही महिनाअखेरीस बंद. शिकवायला मी, काकांच्याच हाताखाली घडलेली.

"मास्तरीणबाई, अंगठे धरायला लावणार नाही ना?" काकांनी विचारलं, आणि वर्ग हसला.

परीक्षेला दहा व्हॉल्व मांडले. त्यांत तीन सदोष, माझ्या यादीप्रमाणे. चांगला नग नाकारला तरी नापास. काकांनी तिन्ही अचूक काढले, आणि सातव्यावर त्यांचा अंगठा अडला.

"पोरी, हा एकदा पाण्यात धरून बघ."

"काका, परीक्षेत बोलायचं नाही. लिहा."

त्यांनी 'नाकारला' लिहिलं. माझ्या यादीत सातवा चांगला होता. नियम तो नियम, असं मनाला बजावत मी नापासाचा शेरा मारला.

टोचणी काही जाईना. दोन महिन्यांनी सातवा नग हवा भरून पाण्यात धरला. बारीक बुडबुडे, एकामागून एक. देवा, यादीच चुकली होती.

दुरुस्त निकाल घेऊन मी त्यांच्या घरी धावले.

"आता सवड झाली होय?" दार उघडत काकू म्हणाल्या.

काकांनी कागद वाचला, घडी घालून माझ्याच हातात दिला.

"नापास झाल्यावर, सही बंद व्हायच्या आधी, दोन नग बोटांना खटकले होते गं. म्हटलं, म्हातारा झालास, बोटं खोटं सांगतात. सोडून दिले."

"कुठे गेले?"

"कुणाच्या तरी स्वयंपाकघरात. आता कुठल्या तोंडाने सही करू?"

आम्ही तो सगळा माल परत मागवला. एक नग सापडला. दुसऱ्याचा पत्ता आजतागायत नाही, आणि काका कारखान्याची पायरी पुन्हा चढले नाहीत.

देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या अनोळखी घराला सांभाळ म्हणा. आणि माझ्या भिंगकाकांची आठवण ठेवा.