देवाची पत्रिका आणि बाबाची कात्री

रामघाटावर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. पातीवाले, म्हणजे पत्रिकावाले, बाबा पितळी परातीत क्षिप्रेचं पाणी घेऊन बसले होते आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात घरच्या लग्नाची पत्रिका होती. बाबा तिची एक पट्टी कापून पाण्यावर सोडत. पट्टीची दोन्ही टोकं वर उचलली, की क्षिप्रा मैयानं हात जोडले, लग्न शुभ. पट्टी लांबीनं गुंडाळून नळी झाली, की मैयानं मूठ मिटली, घरात खोट आहे. मग बाबा उपाय सांगत आणि शिकलेसवरलेले लोक माना डोलावत.

त्यांत माझा मोठा भाऊ बापूही होता. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेला माणूस, पण अक्कल बँकेतच ठेवून आलेला. मागच्या खेपेला त्याच्या लेकीच्या, अश्लेषाच्या पत्रिकेवर मूठ मिटली होती. अश्लेषाला लहानपणी फिट यायची; गोळ्या सुरू झाल्यापासून ती थांबली होती. मुलाकडच्यांना सगळं आधीच सांगितलं होतं. सौमित्रनं, म्हणजे होणाऱ्या जावयानं, "मग काय झालं?" एवढंच विचारलं होतं. बाबांनी मात्र निदान केलं, "दवा और देवी एक घर में नहीं रहते." बापूनं गोळ्या बंद केल्या.

पोरगी स्वयंपाकघरात कोसळली. ओट्याची कड कपाळाला लागली, टाके पडले. टाके घालणाऱ्या डॉक्टरांना या शहाण्यानं सांगितलं, पाय घसरला. हे कळलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि तशा अवस्थेत तो तिला घेऊन पुन्हा बाबांकडे निघाला, म्हणून मीही गेले.

ती पत्रिका मीच छापली होती. माधव नगरात आमचा छापखाना आहे. इथल्या मराठी घरांतली लग्नाची पहिली पत्रिका चिंतामण गणपतीला जाते. ती आम्ही वेगळी छापतो, साध्या पातळ कागदावर, आणि घरचे तिच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावतात. बाबांना नेमकी तशीच लागायची. "चमकवाली नहीं चलेगी, मैया को सादगी पसंद है." मैयाचं मला ठाऊक नाही, पण चकचकीत जाड कार्ड पाणी लवकर पीत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे.

आमची पाळी आली. बाबांनी पत्रिका कपाळाला लावली, डोळे मिटून पुटपुटले, आणि ती हळूच एकदा उभी वाकवली, एकदा आडवी. लोकांना वाटलं आशीर्वाद. मला मात्र आमचा छापखाना दिसला. कापण्याआधी आम्हीही कागद असाच वाकवून बघतो.

पट्टी पाण्यावर पडली आणि नळी झाली.

"लड़की छुपके दवा ले रही है," बाबा म्हणाले.

बापू लेकीकडे वळला. "खरं सांग, घेतलीस ना चुपचाप?"

टाके पडलेल्या पोरीला भर घाटावर चोर ठरवलं जात होतं. आता मी गप्प बसणार नव्हते.

"महाराज, उरलेली पत्रिका द्या इकडे."

"माताजी, पाती झूठी हो जाएगी."

मी ती त्यांच्या हातातून घेतली आणि कात्री बापूच्या हातात दिली. "दादा, तू काप. एक पट्टी उभी, एक आडवी."

"रजनी, तमाशा नको ना इथे."

"तमाशा तू मांडलायस. काप."

त्यानं कापल्या. मी दोन्ही परातीत सोडल्या. एकीनं हात जोडले, दुसरीनं मूठ मिटली. मुलगी तीच, पत्रिका तीच, पाणी तेच.

"कागदाचे तंतू कारखान्यातच एका दिशेला झोपतात," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "आम्ही त्याला ग्रेन म्हणतो. त्या दिशेनं कागद सहज वाकतो, दुसरीकडून अडतो. हे महाराज आधी वाकवून बघतात ते त्यासाठी. ओला तंतू लांब होत नाही, जाड होतो. खालची बाजू फुगते, वरची कोरडी राहते, म्हणून कागद वळतो, तोही ग्रेनच्या दिशेनंच: तंतू पट्टीच्या लांबीला असले की नळी होते, आडवे असले की टोकं उचलतात. पट्टी कशी कापायची हे मैया नाही, हा माणूस ठरवतो."

"अपवित्र हाथ लगा है," बाबा म्हणाले आणि पट्ट्या उचलायला वाकले. मी त्यांचा हात अडवला. थोड्या वेळात दोन्ही पट्ट्या पुरत्या भिजल्या आणि सपाट झाल्या. म्हणून तर ते इतर वेळी त्या झटकन उचलत.

रांगेतली एक बाई पुढे आली. "बाबाजी, मेरी वाली दूसरी तरफ से काट के दिखाओ." बाबा परात आवरू लागले. तरी काही जण त्यांच्या पाया पडतच होते.

बापू पुटपुटला, "मला काय माहीत गं, सगळेच येत होते."

अश्लेषा शांतपणे म्हणाली, "बापू, तुम्ही कागदाला दोनदा विचारलंत. मला एकदाही नाही."

घाटावरून आम्ही सरळ डॉक्टरांकडे गेलो आणि पाय घसरला नव्हता, गोळ्या बंद केल्या होत्या, हे बापूनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

माझा राग अजून गेलेला नाही. बाबा लबाड होता, पण पोरीच्या गोळ्या बापानं बंद केल्या. फिट हा मेंदूचा आजार आहे. त्याची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही थांबवू नये, देवीचं नाव घेऊन तर नाहीच. आणि उद्या कुणी तुमच्यासमोर चमत्कार मांडला, तर हात जोडण्याआधी पुढे व्हा, कात्री मागा आणि म्हणा, आता मी कापतो.