तांदळाखालचे घर

मित्रांनो, मी ॲल्युमिनियमचा एक जुना डबा आहे. माझ्यात तीस किलो तांदूळ मावतो. त्या तांदळाच्या तळाशी एक अख्खे घर मावावे अशीही माझ्याकडून अपेक्षा होती आणि ती अजून पुरी झालेली नाही. म्हणून माझे बोलणे थोडे त्रासिक वाटले तर समजून घ्या.

माझा जन्म व्हिएतनाममध्ये, साइगॉनच्या एका गल्लीत झाला. तिथे दिवसभर पत्रे ठोकण्याचा आवाज चालतो. फुटकी पातेली आणि एका पंख्याची पाती वितळवून माझा पत्रा निघाला. कारागिराने तो फिरत्या साच्यावर दाबून मला गोल केले, दोन बाजूंना कड्या बसवल्या आणि बोटाने टिचकी मारून तो म्हणाला, "हा वीस वर्षं जाईल." माझ्याविषयी कोणी बोललेले ते पहिले चांगले वाक्य. मी ते अजून जपून ठेवले आहे.

मला सुयेनने विकत घेतले. ती उत्तरेकडची, नाम दिन्हची. कामासाठी साइगॉनला आली आणि शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवू लागली. तिचा नवरा त्वान दक्षिणेतल्या सा देकचा. तो लोकांच्या घरी एसी बसवायचा. त्यांची मुलगी कोम तेव्हा दोन वर्षांची होती. तिघे चौदा चौरस मीटरच्या भाड्याच्या खोलीत राहत. खोलीला दार होते, झरोका होता, पण खिडकी नव्हती. कोमला बोलता येऊ लागल्यापासून तिला खिडकी हवी होती.

पहिल्याच महिन्यात सुयेनने माझ्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तळाशी एक वस्तू ठेवली. नक्षी नसलेली सोन्याची साधी अंगठी, वजन पावणेचार ग्रॅम. मग तिने वर तांदूळ सारखा केला आणि झाकण लावले.

"बँकेत का नाही ठेवत?" त्वानने विचारले.

"बँकेतलं दिसतं फोनवर. दिसलं की तुम्हाला काहीतरी घ्यावंसं वाटतं," ती म्हणाली. "कोमचे बाबा, पन्नास झाल्या की आपण घराचे पहिले पैसे भरू. तोवर या डब्यात फक्त मी हात घालणार."

पन्नास. तो आकडा मी तेव्हापासून जपला. मला वजन आपोआप कळते, त्याला इलाज नाही. तांदूळ महिन्याला बारा किलोने कमी होई आणि पुन्हा भरे, पण तळाचे वजन मात्र हळूहळू वाढत जाई. सोने जड असते. मला कोणी जरा हलवले की दाणे बाजूला सरत आणि अंगठी आपली आपण खाली जाई. सुयेन दर महिन्याला एक अंगठी आणायची, कधी दोन. मध्येच कोमचा ताप, मध्येच स्कूटरचे इंजिन. चार आल्या की एक जायची. तरीही चार वर्षांनी माझ्या तळाशी सेहेचाळीस अंगठ्या होत्या.

घरही सापडले. एक निवृत्त शिक्षिका आपला चौथ्या मजल्यावरचा छोटा फ्लॅट विकणार होत्या. अडतीस चौरस मीटर, दोन खिडक्या. त्या म्हणाल्या, "टेटनंतरच्या पौर्णिमेपर्यंत थांबते मी. तुमची मुलगी माझ्या खिडकीतून हललीच नाही, म्हणून थांबते." टेट म्हणजे आमचे नवे वर्ष. त्याआधी कारखान्यात बोनस मिळतो. सुयेनने हिशेब केला. धाकटा दीर विन्ह याचे लग्न टेटच्या आधीच होते, त्याच्या नवरीला पाच अंगठ्यांचा आहेर. उरल्या एक्केचाळीस. बोनसच्या नऊ. पन्नास बरोबर.

आणि मग त्वानची आई सा देकहून बसने आली. सोबत बदकाची अंडी आणि आंब्याची पिशवी. बसून पाणी प्यायच्या आधीच तिने विषय काढला.

"पाच? थोरला भाऊ बारा वर्षं शहरात राहतोय आणि स्टेजवर पाच अंगठ्या घालणार? नवरीकडचा मामा एकटा दहा घालतोय!"

"आई, घराचे पैसे आहेत ते," सुयेन म्हणाली.

"अगं, घर कुठे पळतंय? तू वीस आण. घालायच्या, फोटो काढायचे, मग नवरीने पंधरा काढून परत द्यायच्या. आमच्या गल्लीत सगळे असंच करतात. सोनं बघायला असतं गं लग्नात."

"नवरीला माहीत आहे हे?"

"विन्ह सांगेल."

त्वान जमिनीकडे बघत म्हणाला, "आई इतक्या लांबून आली आहे, कोमची आई."

मी वीस अंगठ्यांनी हलका झालो. पंचाहत्तर ग्रॅम. तुम्हाला ते फार वाटणार नाही.

लग्नाचा व्हिडिओ नंतर खोलीतल्या टीव्हीवर लागला, तेव्हा मी शेवग्याच्या शेंगांच्या पिशवीशेजारी उभा राहून तो पाहिला. नवरीचे नाव दाओ. गोल चेहऱ्याची, हसरी मुलगी. मामा आला, दहा अंगठ्या. मग निवेदक माइकमध्ये ओरडला, "आणि आता साइगॉनचे थोरले दादा! किती, दादा?" त्वानने माइक घेतला. "वीस," तो म्हणाला. "माझ्या भावाच्या बायकोला, कायमच्या." टाळ्या पडल्या. "कायमच्या" हा शब्द कोणीच ठरवला नव्हता. तो टाळ्यांच्या आशेने तोंडातून निसटला. लग्नाच्या गोंगाटात सुयेनला तो शब्द ऐकू आला नव्हता. आता टीव्हीसमोर तिच्या हातातली सुई थांबली. त्वान उठून अंडी उकडायला गेला.

"विन्हने सांगितलं ना तिला?" तिने विचारले.

"आई सांगणार होती, असं तो म्हणतो."

"आणि आई?"

"आई म्हणते, विन्ह."

टेट आला. वर्ष उलटताना तांदळाचा डबा काठोकाठ भरलेला हवा, म्हणून सुयेनने मला भरले आणि बोनसच्या नऊ अंगठ्या वरच्यावर, वीतभर खोल खोचल्या. मग ते तिघे सा देकला गेले. टेटच्या दिवसांत कोणाकडे काही मागणे तोंडातून काढायचे नसते. म्हणजे पाच दिवस दाओ समोर होती, आणि पाच दिवस कोणी बोलले नाही. मी इथे बंद खोलीत गप्पच होतो. पण त्यांना तोंड होते!

सहाव्या दिवशी सगळे साइगॉनला आले. विन्ह आणि दाओही आले, शहर बघायला. दाओ भात लावायला माझ्याकडे वळली. दुधाच्या रिकाम्या डब्याचे माप तिने तांदळात घातले आणि ते कशावर तरी खणकले. सहा दिवसांत मला कोणी हलवले नव्हते, मित्रांनो. अंगठ्या वरच होत्या.

"वहिनी, तांदळात अंगठी!"

सुयेन धावत आली. "असू दे. तिथलीच आहे ती."

दाओने अंगठी उजेडात धरली. आतल्या बाजूला सोनाराचा बारीक शिक्का होता. "माझ्या अंगठ्यांवर पण हाच शिक्का आहे. तुम्ही घातलेल्या." तिने माझ्यात पाहिले, मग वहिनीकडे. "कोम सांगत होती खिडक्यांच्या घराचं. त्यासाठी साठवताय ना? वहिनी, त्या वीस मी परत आणून देऊ का? मला कशाला एवढ्या?"

आता. माझे झाकण सुयेनच्या हातात होते.

"छे, काहीतरीच," सुयेन म्हणाली. "अंगावर घातलेलं तुझं ते."

आणि ती थांबली. मीही थांबलो. मोरीतला नळ गळत होता. मी नऊ थेंब मोजले.

"बरं," दाओ म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "तुमच्याएवढं मोठं मन मी नाही पाहिलं, वहिनी." तिने अंगठी परत तांदळात ठेवली आणि चार मापे तांदूळ धुवायला घेतला.

पाहुणे गेल्यावर सुयेन त्वानवर बरसली. "जा, भावाला विचारा!"

"मी कसा विचारू? माइकवर बोललोय मी! आणि ती स्वतः देत होती, तर तूच नको म्हणालीस!"

"पहिल्यांदा नकोच म्हणतात! कोणी काही द्यायला लागलं की लगेच हात पुढे करतात का? दोनदा नको म्हणायचं, मग घ्यायचं. तिने परत विचारलंच नाही!"

"तुमच्या नाम दिन्हला असेल तसं. सा देकला माणूस नको म्हणाला की त्याला नको असतं! तिने का विचारायचं परत?"

दोघेही खरे बोलत होते. त्याचाच मला सर्वांत जास्त संताप आला. कोणी लबाड असते तर निदान त्याला नाव ठेवता आले असते.

पौर्णिमा झाली. शिक्षिकाबाई आणखी तीन दिवस थांबल्या. माझ्यात पस्तीस अंगठ्या होत्या. घर एका औषधवाल्याने घेतले.

पुढचे मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखे काही नाही. घरांच्या किमती वाढल्या. बँक आता कर्जासाठी किमतीच्या एक पंचमांशाऐवजी एक तृतीयांश आधी मागू लागली. पन्नासचे एकशे दहा झाले. मग साथ आली, शहराला कुलूप लागले, कारखाना चार महिने बंद राहिला आणि माझ्या तळातून तेवीस अंगठ्या एकेक करून निघून गेल्या. त्या तांदूळ होऊन परत माझ्यातच आल्या. एकदा मी माळ्यावरून पडलो. झाकणाला पोचा आला. कोमच्या हट्टापायी, बटण दाबले की माप पडते असे प्लास्टिकचे तांदूळयंत्र आले, आणि माझ्यात तांदळाचा फक्त एक थर उरला, अंगठ्या झाकण्यापुरता. वर शिलाईच्या चिंध्या. कोम आता अकरा वर्षांची आहे. ती खिडकीविषयी बोलत नाही.

गेल्या महिन्यात दाओ आली. विन्ह आणि ती सा देकला फुलझाडांची रोपे विकतात. तिने खोली पाहिली. तेच दार, तोच झरोका.

"वहिनी, अजून इथेच?"

सुयेन हसली. "एकशे दहा हव्यात. एकतीस आहेत."

दाओने पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "सासूबाईंनी आत्ता सांगितलं मला. या टेटला, सहज, बोलता बोलता. पंधरा उसन्या होत्या म्हणून. मला वाटायचं, तुमच्याकडे भरपूर आहे. त्या विकून मी रोपांची जागा घेतली वहिनी. तुम्ही तेव्हा एक शब्द बोलला असता, तर मी त्याच बसने जाऊन घेऊन आले असते."

"तू एकदा आणखी विचारलं असतंस, तर मी बोलले असते," सुयेन म्हणाली. तिचा आवाज चढला होता. पाच वर्षांत पहिल्यांदा ती दाओवर चिडली. "पाच वर्षं! रोज सकाळी डोळे उघडले की मी त्या पंधरा मोजते!"

"मग मला शिव्या घालायच्या होत्या! मी काय परकी आहे?"

त्या दोघी अशा भांडल्या की शेजारीण दारात येऊन उभी राहिली. मला मात्र फार बरे वाटले. हे भांडण पाच वर्षांपूर्वी व्हायला हवे होते. नऊ थेंब पडत होते, तेव्हाच.

मग दाओने पिशवीतून रुमाल काढला. गाठ सोडली. चार अंगठ्या. "आत्ता एवढ्याच जमल्या. बाकीच्या देईन. घ्या."

सुयेनचे ओठ उघडले. त्या ओठांचा आकार मी ओळखतो. तो "नको"चा आकार आहे. मग तिने हात पुढे केला.

"दे," ती म्हणाली.

तिने चिंध्या उपसल्या आणि चारही अंगठ्या स्वतःच्या हाताने माझ्या तळाशी ठेवल्या. पंधरा ग्रॅम.

मित्रांनो, मी डबा आहे. माझ्या आत काय आहे ते मला कोणाला सांगता येत नाही, आणि ते माझे काम आहे. तुमचे ते काम नाही. उसने दिलेले असेल तर त्याच दिवशी तसे म्हणा, घेणाऱ्याच्या तोंडावर म्हणा. आणि तुमच्या घरात कोणी पहिल्यांदा "नको" म्हणणारे असेल, तर त्याला पुन्हा विचारा. त्याच्या घराच्या खिडक्या कदाचित त्या दुसऱ्या विचारण्यात अडकलेल्या असतील.

पस्तीस झाल्या आहेत. पंचाहत्तर अजून हव्यात. कारागिराने दिलेल्या वीस वर्षांतली माझी नऊ सरली. त्या घराच्या स्वयंपाकघरात मला उभे राहायचे आहे, म्हणून एवढे करा. माझ्या झाकणाचा पोचा कोणीतरी ठोकून सरळ करा, आणि तळाशी ओल येते ती पुसून घेत जा. मला अजून बराच काळ टिकायचे आहे.