शमशुद्दीनभाईंचा वॉटरप्रूफ मास्क

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत माझ्या तोंडाला सगळे टरकून असतात. सेक्रेटरीला मी जिन्यात गाठून झापलेलं आहे. तरी त्या करोनाच्या वर्षी एका माणसापुढे मी पुरता महिनाभर गप्प बसले.

आमच्या फाटकाशेजारी शमशुद्दीनभाईंचं स्कूटरच्या सीटकव्हरचं दुकान आहे, तीस वर्षांचं. लॉकडाऊनमध्ये ते बंद पडलं आणि भाई घरात भिंतीकडे बघत बसायला लागले. त्यांची बायको अख्तरबानू मला फोनवर म्हणाली, "प्रेमलाताई, हे धड जेवत नाहीत, बोलत नाहीत. मला फार भीती वाटते हो."

जूनमध्ये दुकान अर्धवट उघडलं आणि भाईंनी मास्क शिवायला घेतले. अख्ख्या सोसायटीला फुकट, आणि पहिला मान माझा. सीटकव्हरचंच जाड कापड, आत स्पंज, वर दुहेरी टीप. त्यांनी तो वाटीसारखा धरून त्यात ग्लासभर पाणी ओतलं.

"बघा वहिनी, थेंब तरी गळतोय का? मग विषाणू कुठून शिरणार?"

किती दिवसांनी माणूस हसत होता! मी म्हटलं, "वा, भाई!" वस्तू न वापरता तिचं कौतुक मी आयुष्यात पहिल्यांदाच केलं, आणि ते मला चांगलंच भोवलं.

पाणी जात नव्हतं, तशी हवाही जात नव्हती. भाजीवाल्यापर्यंत पोहोचताना डोळ्यांपुढे काजवे चमकले. अर्धा किलो भेंडी मागायला तीनदा दम खावा लागला.

"स्पष्ट सांग त्यांना," आमचे श्यामसुंदर म्हणाले. "श्वास घेणं ही काही चैन नाही."

"मग तुम्हीच सांगा."

त्यावर त्यांनी पेपर तोंडापुढे धरला. सांगणार कोण? भाई पुन्हा दोन वेळा नीट जेवायला लागले होते. शेवटी सोसायटीनेच युक्ती काढली. भाईंच्या दुकानावरून जाताना त्यांचा मास्क घालायचा, हात करायचा, आणि कोपऱ्यावरच्या बंद रसवंतीमागे जाऊन पातळ मास्क चढवायचा. सकाळी तिथे रांग लागे.

एका गुरुवारी मी धापा टाकत रसवंतीमागे वळले, तर तिथे स्वतः भाई! मास्क हनुवटीवर, हात भिंतीला टेकलेला, चेहरा लालबुंद.

"भाई! अख्तरबानूंना बोलावू का?"

"नको, नको. यातून श्वासच येत नाही हो, वहिनी."

"मग घालता कशाला?"

"तुम्ही सगळे रोज इतक्या प्रेमाने घालून जाता. मीच काढला तर बरं दिसेल का?"

मी माझा मास्क ओढून काढला आणि लांबूनच पोट धरून हसले. भाईही हसले, मग एकदम थांबले.

"म्हणजे सगळ्यांनाच त्रास होतोय?"

"सगळ्यांनाच. तुम्हाला दुखवायची भीती वाटली, भाई. चुकलंच आमचं."

त्यांनी हनुवटीवरचा मास्क काढून खिशात कोंबला. झालं, माणूस पुन्हा घरात कोंडून घेणार, असं वाटून मला स्वतःचाच राग आला. पण मग ते म्हणाले, "जुनी सुती साडी आहे का एखादी?"

संध्याकाळी साडीचा मास्क तयार झाला. मी तोंड उघडणार, तोच भाईंनी हात वर केला.

"तारीफ नको, वहिनी. हा घालून तिसऱ्या मजल्यापर्यंत चढा. मी खाली उभा राहतो."

मी चढले. गॅलरीतून ओरडले, "भाई, श्वास येतोय!"

"खरं सांगा!"

"देवाशपथ खरं! पण डाव्या कानाला नाडी काचतेय, आणि टीप वाकडी आहे!"

ते ऐकून भाईंचा चेहरा असा खुलला, की माझे डोळेच भरून आले.

"मग लवकर खाली या!" ते ओरडले, आणि कात्री आणायला दुकानाकडे पळाले.